काज-बटण

गणपती आळीत दुकान आहे माझं. दोन मशिनी, एक इस्त्री,
आणि मापांच्या दोन वह्या:
लाल पुठ्ठ्याची बायकांची, निळी पुरुषांची.
चोवीस वर्षांत एकीतलं पान दुसरीत गेलं नाही.

मग धोमकडच्या बंगल्यावरून जीप आली.
टीव्हीवरचा खेळ होता. आठ पोरं-पोरी.
पोरांनी बाई व्हायचं, पोरींनी बाप्या,
आणि तशातच एकमेकांच्या प्रेमात पडायचं,
सव्वा महिना, कॅमेऱ्यासमोर.
ओळखू आला तो बाहेर.
शेवटपर्यंत झाकला राहील त्याला पंचवीस लाख.
माझी एका कागदावर सही घेतली,
यातलं अक्षर बाहेर फुटता कामा नये.
म्हटलं, साहेब, शिंप्याला कशाला सही?
अख्ख्या वाईची पोटं पाठ आहेत मला,
कधी बोललोय का?

प्रणील म्हणून एक जळगावचा. छाती अडतीस, ब्लाउज शिवायचा.
हात वर कर म्हटलं तर लाजला.
म्हटलं, हे तर तुला आधीच जमतंय.
आणि अश्लेषा, कोरेगावकडची. खेळातलं नाव शेखर.
खांद्यात कापूस, छातीला पट्टा,
शर्टाची बटणं उजव्या अंगाला.
बाईची डावीकडे असतात, पुरुषाची उजवीकडे.
का, ते माझ्या वडलांनाही ठाऊक नव्हतं.
बोटांना मात्र ठाऊक असतं.
तिला सांगितलं, रोज झोपताना शंभरदा लाव, शंभरदा काढ.
मिशी सुटली तर डिंक आहे,
बोटं चुकली तर मी काही करू शकत नाही.

पहिला भाग घरी पाहिला, शेंगा फोडत.
मी सहीला जागून गप्प.
बायकोनं अर्ध्या तासात पाच जण ओळखले.
"हा शेखर बाई आहे."
"कशावरून?"
"उठताना शेजारच्याचंही ताट उचललं."
"आणि ती निळ्या साडीतली?"
"बाप्या. पाणी प्याली, तांब्या तिथंच."
मी उठलो. पाणी प्यालो.
तांब्या जागेवर ठेवला,
भांडं उपडं घातलं.
ती टीव्हीकडंच बघत होती.

निळ्या साडीतला प्रणील.
चौथ्या आठवड्यात बाहेर पडला, घसा बसला आणि खरा आवाज आला.
जाताना दुकानात आला, ब्लाउज परत द्यायला.
म्हटलं, ठेव की, त्यांनी पैसे दिलेत.
स्टुलावर बसला.
म्हणाला, काका, तो शेखर रोज विचारायचा, दमलीस का.
एवढंच. दमलीस का.
आमच्या घरी मला पगार विचारतात.
मला सांगता आलं असतं, शेखर कोण ते.
सही आठवली.
सही नसती तरी सांगितलं असतं का, माहीत नाही.
सोमवार होता, बाजाराची गर्दी,
एक बाई पिशवीभर फॉल घेऊन दारात उभी होती.
तो उठून गेला.

जिंकलं तिसरंच कुणीतरी.
बंगल्याला कुलूप लागलं, जीप पसरणी घाट चढून गेली.

परवा अश्लेषा आली. एस्टीनं, एकटीच.
मिशी नाही, पट्टा नाही, तोच शर्ट,
कोपरात विरलेला.
"असेच दोन हवेत."
"बटणं?"
"उजवीकडेच."
"खेळ संपला ना पण?"
"संपला की," ती म्हणाली, "शर्ट कुठं संपलाय."
प्रणीलचं विचारावं वाटलं. तिनंही काही विचारलं नाही.
पुन्हा टेप धरली. खांदा तोच होता, कापसाशिवाय,
तरी माप अर्धा इंच जास्त आलं.
ती ताठ उभी राहिली असेल.

दोन्ही वह्या गल्ल्यावर होत्या. निळी उघडली.
लांबी, खांदा, बाही, कॉलर.
वर नावाची ओळ.
"नाव काय घालू?"
तिनं ॲडव्हान्सचे दोनशे मोजून ठेवले.
"न्यायला येईन तेव्हा सांगते."

गुरुवारी बोलावलंय.
काजं झालीत.
बटणं लावायची राहिलीत.