वजाबाकी

धंतोलीतल्या एकाच इमारतीत
आमच्या दोन फायली.
हर्षलच्या फायलीवर डॉक्टरबाईंनी लिहिलं, वाढवा.
माझ्या फायलीवर, दोन मजले वर, दुसऱ्या डॉक्टरांनी, कमी करा.
खाली औषधवाल्याने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या
आणि सुटे मागितले.

घरी एका शेगडीवर त्याचा साजूक तुपातला शिरा,
दुसरीवर माझं जिऱ्याचं पाणी.
त्याचे बाबा बुटीबोरीहून सेकंड शिफ्ट करून येतात,
दोन्ही झाकणं उचलून बघतात:
"यातलं माझं कोणतं?"

काहून खाऊन नाही राहिला रे?
सहा वर्षं झाली, हेच म्हणून राहिली मी.
चिऊ येऊन गेली, काऊ येऊन गेला,
आता तर खिडकीतून दिसणारी मेट्रोही येऊन जाते,
घास तिथेच, गालात.

अन्न टाकू नये, एवढं मला शिकवलं होतं.
मग ते ठेवावं कुठे, हे कोणी शिकवलं नाही.
वाटीच्या तळाचा वरणभात,
पोळीच्या कडा,
डब्यातून परत आलेला अर्धा पराठा, पार वातड,
आणि डिसेंबरात संत्र्याचा चोथा,
जो तो चोखून थेट माझ्या तळहातावर थुंकतो.
याला मी जेवण कधी म्हटलंच नाही.
डाएटच्या वहीत लिहिताना
ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

बागेत सोबत चालणाऱ्या मंदाकिनीताई म्हणतात,
संध्याकाळी सातनंतर तोंडात काही घालू नका.
सातनंतरच तर त्याचं ताट उरतं, ताई.

रविवारी पलंगाखालून काटा काढला.
तो त्यावर उभा राहतच नाही,
एका पायावर, मग दुसऱ्या, आकडा नुसता थरथरतो.
शेवटी उचलून घेतला कडेवर.
दोघांचे मिळून सत्त्याण्णव.
खाली ठेवला. माझे एक्क्याऐंशी.
पहिलीतला गणिती, पेन्सिल घेऊन
कॅलेंडरच्या पाठीवर मांडायला बसला:
सातातून एक गेला, सहा.
नवातून आठ गेले, एक.
"आई, मी सोळा!"
जसे काही पैकीच्या पैकी मिळाले.
डॉक्टरबाईंना एकोणीस हवे होते.

मग जरा थांबून म्हणाला,
"तुला काढून टाकलं की मी उरतो ना?"
हो, म्हटलं.
आणि काटा पुन्हा पलंगाखाली सरकवायला
उगीच फार वेळ वाकून राहिले.

त्या रात्री माझ्या ताटात
मोड आलेली मटकी, काकडी, अर्धी भाकर.
त्याच्या ताटातलं तूप थिजलेलं.
तो येऊन माझ्या मांडीला टेकला,
एक मटकी उचलली, मोड ओढून पाहिला, खाल्ली.
मग दुसरी.
मी टीव्हीकडेच बघत राहिले.
शाबास म्हटलं की तो थांबतो,
एवढं सहा वर्षांत कळलंय मला.
मटकी गेली. भाकरही गेली, चुरा करून, तिखट तेलात बुडवून.
काकडीची एक चकती तेवढी उरली.
ती त्याने माझ्यापुढे सरकवली:
"तू खाऊन घे. टाकू नको."

खाल्ली.
त्याचं ताट झाकून ओट्यावर ठेवलं.
साडेअकराला स्कूटर लागेल खाली.
आज कोणाला
काही विचारावं लागणार नाही.