पोच

एकतीस वर्षं मी लोकांच्या सह्या घेतल्या.
रजिस्टर, मनिऑर्डर, होती तोवर तार.
"इथे सही करा", एवढंच काय ते माझं वक्तृत्व.
आता गाठ गळ्यातच, म्हणून तेही नाही.

भाऊ भुसावळला रेल्वेत, म्हणून जळगाव.
म्हणून वेंगुर्ल्याचा वारा सोडून चव्वेचाळीस अंशांत
दवाखान्यामागच्या गल्लीत, वरच्या पत्र्याच्या खोलीत.
कूलर रात्रभर समुद्राची नक्कल करतो.
जमत नाही त्याला, पण सोडतही नाही.

तेहेतीस शेक लिहून दिलेत.
किरणांना इथे शेक म्हणतात,
जसं काही कुणी शेगडी घेऊन उशाशी बसणार आहे.
चेहऱ्यावर जाळी आवळतात, माझ्याच चेहऱ्याच्या मापाची.
पहिल्या दिवशी वाटलं, हे उलटंच झालं,
आमच्या गावात जाळं टाकणारे राहतात.

दार आठला उघडतं, रांग सहाला लागते.
रांग म्हणजे चपला. माणसं निंबाखाली.
दित्या पावराचे टायरचे जोडे,
पंढरी नेहेत्यांच्या एका अंगाला झिजलेल्या,
हुरमतबाई तडवीच्या निळ्या, अंगठा तारेनं बांधलेला.
मी माझ्या हातात धरून उभी, पोस्टाची शिस्त.
हुरमतबाईनं त्या काढून घेतल्या, फरशीवर मांडल्या:
"ठेव वं माय, तिना बी नंबर शे."

शे.
एवढासा शब्द, दिवसभर कानावर येतो.
पानी शे का? शे. डॉक्टर शे का? शे.
बरं शे ना?
यावर मात्र जरा थांबून, शे.
मला बोलता येत नव्हतं, म्हणून ऐकता आलं.

शुक्रवारी दित्याला धडगावची गाडी गाठायची असते.
त्या दिवशी त्याचे जोडे आपोआप पहिले होतात.
कोण सरकवतं, मी बघितलेलं नाही.
एकदा मीच सरकवले, तेव्हाही कुणी बघितलं नाही.

बाविसाव्या दिवशी झांबरेवहिनी गच्चीवर कुरडया घालत होत्या.
वाटीभर गरम चीक, वर तेलाची धार.
कितीतरी दिवसांत पहिल्यांदा काही न बोचता खाली उतरलं.
माझे डोळे वाहायला लागले.
त्या घाबरल्या, "मीठ जास्त झालं का हो?"

माणसाला पोच हवी, असं आमचे वडील म्हणायचे.
मी पोच म्हणजे गुलाबी कार्ड समजत आले,
पाकिटाला जोडायचं, सही होऊन परत यायचं.
मग फाइलच्या पाठीवर लिहायला घेतलं:
चीक, वाटी एक, मिळाला.
निंबाची सावली, रोज, मिळाली.
पाठवणाऱ्याच्या रकान्यात पेन अडायचं.

तेविसाव्या सकाळी निळ्या चपला चौथ्या जागी,
हुरमतबाई नाही.
रात्री रक्त आलं, पोरं जीपमध्ये घालून घेऊन गेली,
अनवाणीच. चपला निंबाखाली राहिल्या.
दित्यानं रांगेत मांडल्या. दुसऱ्या दिवशी नेहेत्यांनी.
तिसऱ्या दिवशी मी.
वाघुळदे सिस्टर चारवर येऊन थांबायच्या,
चपलांकडे बघायच्या आणि पाच म्हणायच्या.
चार नंबर त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही.

सव्विसाव्या शेकाला तिचा नातू आला, सातवी-आठवीतला,
हातात केळ्यांची फणी, कपाळावर घाम.
"आजीनं चपला मंगाडेल शेत."
चालते का, ते विचारायला मला आवाज नव्हता.
इतरांना होता. त्यांनीही विचारलं नाही.
मागवल्या, म्हणजे पाय आठवतायत.
सवयीनं मी फाइल पुढे केली.
त्यानं शाळेतल्या अक्षरात लिहिलं:
चपला, जोड एक, मिळाल्या. मुबारक तडवी.
तारीखही घातली. हुशार आहे.

माझे अजून सात बाकी.
दुसऱ्या सकाळी सहाला गेले,
तर तिसऱ्या जोडानंतर दोन फरश्या मोकळ्या
आणि पाचव्याचे जोडे पाचव्या जागीच.
कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.
मी माझ्या मांडल्या, सातव्या,
आणि निंबाखाली जाऊन बसले.