रकाना सातवा

तिदमेसाहेब,
मिळकतींचा तक्ता आणलाय. एक ओळ राहिलीय.
मोकळी जागा, पंचवटी, शाळेच्या मागचं टेकाड.
क्षेत्रफळ लिहिलं. चतुःसीमा लिहिल्या:
पूर्वेस गल्ली, पश्चिमेस नाला,
उत्तरेस गांगुर्डेंची पिठाची गिरणी,
दक्षिणेस उतार,
उताराच्या पायथ्याशी गोदावरी.

सातव्या रकान्यात विचारलंय: वापर?
माझ्या आधीच्या कारकुनानं लिहून ठेवलंय,
'काही नाही'.
आठव्यात उत्पन्न: शून्य.
त्याखाली पेन्सिलीनं, बारीक: लिलावास योग्य.

पुराच्या साली तुम्ही मालेगावला होतात.
धरणातून किती क्युसेक सोडले ते भोंगा सांगत फिरत होता,
पण आमचं माप मारुतीवर.
दुतोंड्याच्या पोटऱ्या बुडाल्या, तोवर भांडीबाजारात चहा चालू होता.
कंबर बुडाली, शटरं खाली आली.
गळ्याशी लागलं,
मग कुणी मोजायला थांबलं नाही.

खालचं पटांगण आधी बुडालं.
बुधवारी जिथे मेथीच्या जुड्या मांडतात
तिथे नदी येऊन बसली,
ऐसपैस, पाय पसरून, माहेरपणाला आल्यासारखी.
जेवढी तिथे बसली
तेवढी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरली नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

आणि वर, या जागेवर, माणसं.
वीज गेलेली. रशीदभाईंनी नऊ रिक्षा गोल लावल्या,
दिव्यांची तोंडं आत.
सगळीकडे चिखल, फक्त पोरांची खेळपट्टी टणक:
वर्षभर भांडून, पाणी मारून, रोलर ओढून ओढून दाबलेली.
एरवी तिच्यावर चप्पल पडली तरी शिव्या घालणारी पोरं
स्वतःच म्हणाली, चूल इथे मांडा.
स्टंपांवर ताडपत्री चढली.
गांगुर्डेंनी गिऱ्हाइकांचीच पिठं मळायला दिली,
कुणाची ज्वारी कुणाच्या गव्हात गेली,
हिशोब आजतागायत लागलेला नाही.

साडेअकराला बाद झालेला चिन्मय म्हणाला,
पगारे कुठेयत?

केरू पगारे. पोस्टातून निवृत्त. ठार बहिरे.
रोज पाचला तिसऱ्या बाकावर,
अंगावर आलेला चेंडू खिशात घालून घरी नेणारे.
सगळ्या मैदानाचे वैरी.
भोंगा त्यांच्यासाठी वाजलाच नव्हता.
पण तिसरा बाक रिकामा दिसतो,
आणि तो रिकामा आहे हे कळायला
आधी तिथे रोज कुणीतरी बसावं लागतं, साहेब.

चार पोरं दोर घेऊन उतरली.
छातीभर पाण्यातून पाठकुळी आणलं त्यांना.
एका हातात पेन्शनचं पुस्तक,
दुसऱ्या हातात पिशवी.
पिशवीत सात चेंडू.

बाकी काही मोठं घडलं नाही.
तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं,
लोक खाली गेले, गाळ उपसायला लागले,
मैदानावर चुलीचा काळा डाग राहिला, ऑफस्टंपच्या जरासा बाहेर.
अजून चेंडू तिथून उसळतो.

व्यापारी संकुलाचा नकाशा मी पाहिलाय.
चांगलाय. तळघरात पार्किंग आहे.
तळघर.

तर सातवा रकाना दोन इंचांचा.
'काही नाही' खोडून
'वापरात आहे' एवढंच लिहिलंय.
खाडाखोड माझी,
शेजारी आद्याक्षरं केलेली आहेत.