उकरू नये

हेमांगीने सुरतेहून आणले तेव्हा
दोघांच्या शंखांवर ऑइलपेंट होता,
एकावर तिरंगा, एकावर हसरा चेहरा.
आठवड्याच्या आत दोघांनी ते टाकून दिले,
साधे मातकट शंख अंगावर घेतले.
बघा आबा, म्हणाली, कळतं यांना.
मग काचेची पेटी, मिठाची पिशवी आणि एक वही
माझ्या हवाली करून
रात्रीच्या बसने परत गेली.

वहीत लिहिलंय:
वाळू वीतभर. मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे.
पाण्याच्या वाट्या दोन, एक गोडी, एक खारी.
नळाचं पाणी तसंच घालू नये.
वाळूखाली गेले तर कात टाकतायत असं समजावं.
महिना लागेल, दोन लागतील, तीनही.
आणि खाली, दोन रेघा ओढून:
उकरू नये.

मी जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो.
भरला ट्रक वजा रिकामा ट्रक,
उरला तो कापूस.
एकतीस वर्षं एवढंच गणित.
एका रविवारी वाटलं, पेटीच उचलून काट्यावर न्यावी.
पण जिवंत मुनीम आणि मेलेला मुनीम
सारखेच भरणार.

मुनीम होळीच्या दुसऱ्या दिवशी खाली गेला.
बारकी त्याच्यामागे आठ दिवसांनी.
वर राहिली नुसती वाळू,
आणि मी.

देवपुरात दुपारी त्रेचाळीस.
नळ आठव्या दिवशी.
मी आधी त्यांचा माठ भरतो, मग आमचा.
पेटीला ओलं गोणपाट गुंडाळतो, लहान मुलाला ताप असावा तसं.
त्या खोलीत कूलर लावत नाही,
घरघरीने वाळू थरथरते.
मीही तिथेच झोपतो, घामात.

लोटनआप्पा रोज डोकावतात.
"मरी गया व्हई. उकरी दखा ना एकदाव."
मी झाकण बोटभर सरकवून नाक लावतो.
सडक्या मासळीचा वास आला तर संपलं, असं वहीत आहे.
येतो तो पांझरेच्या वाळूचा,
भिजल्या तागाचा.

खाली काय चालतं ते मी फक्त वाचलेलं.
जुनं कवच उलतं, आणि तो त्यातून निघतो
भिजवलेल्या डाळीसारखा मऊ,
कुणीही चिरडावा असा.
मग अंधारात पडून राहतो
आपलंच टाकलेलं कवच कुरतडत,
टणक होईपर्यंत.
म्हणून कुणी उजेड पाडायचा नाही.
मायेनेही नाही.

आखाजीला गल्लीतल्या निंबाला झोके बांधले.
सगळ्यांच्या पोरी आल्या.
दुपारी जावयाचा फोन आला.
तिकडे आलीय का, विचारलं.
नाही म्हणालो.
पुढे त्याने काही सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
सांजोऱ्या तीन दिवस डब्यात होत्या,
मग लोटनआप्पांच्या नातवांना दिल्या.

रविवारी तिचा फोन येतो, नव्या नंबरवरून.
ओल आहे?
आहे.
वास?
नाही.
कुणी हात तर नाही ना लावला?
नाही.
मग ती थांबते.
मागे कुठेतरी लूमची खटखट चालू असते.
जिभेवर आलेलं मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळतो.
जेवतेस ना?
जेवते.

आज सदुसष्टावा दिवस.
सकाळी खाऱ्या वाटीत वाळूचे चार कण दिसले.
काल रात्री पाणी बदललं तेव्हा
माझ्याच बोटांना लागलेले असतील.
चष्मा पुसून पुन्हा पाहिले. चारच.
लोटनआप्पांना बोललो नाही.
वाटी धुतली नाही.
खोबऱ्याचा एक तुकडा ठेवला, मीठ न लावता,
गोणपाट भिजवलं,
दिवा मालवून
दार ओढून घेतलं, कडी न घालता.

तिला सांगावं की नाही,
ठरवायला दोन दिवस आहेत.
रविवार परवा.