तोंडलीचा मांडव

नेरूळच्या या रो-हाउसांची ओळ
मीच काढली, ट्रेसिंग पेपरवर,
शहाऐंशी साली, सिडकोत ड्राफ्ट्समन असताना,
शून्य पॉइंट दोनच्या पेनाने, श्वास रोखून.
तेव्हा इथे चिखल होता आणि खेकडे.
प्रत्येक घरामागे दीड मीटर मोकळी जागा:
हवा यावी, शिडी फिरावी,
गटार तुंबलं तर माणसाला वाकता यावं.

रेवंडकरांनी त्या दीड मीटरात
चार जीआय पाइप रोवले,
वर बांबू, बांबूवर जाळी,
आणि तोंडलीचा वेल सोडला.
मी म्हटलं, परवानगी?
ते म्हणाले, वेलाला?
मी म्हटलं, पाइपाला.
ते हसले.
त्या हसण्यावर मी वॉर्ड ऑफिसात अर्ज केला,
तीन प्रतींत, मूळ नकाशा जोडून.
पोच घेतली.

त्या महिन्यात घरात तोंडली फार झाली.
काचऱ्या, मसालेभात, एकदा नुसतीच, ओले काजू घालून.
"स्वस्त झाल्येत का?" मी विचारलं.
कुंदा म्हणाली, "खा मुकाट्याने."
खाल्ली. कोवळी होती.

पालिकेचा पोरगा आला, डोंगरदिवे नावाचा,
गळ्यात ओळखपत्र, हातात टेप.
मांडव: एक मीटर वीस.
मी मान डोलावली.
मग कोणी न सांगता त्याने टेप आमच्याकडे वळवला.
धुण्याच्या दगडावरचा पत्रा: एक मीटर पस्तीस.
दोन्ही आकडे त्याने एकाच पानावर लिहिले.

पत्रा ब्याण्णव सालचा.
बाळंतपणानंतर कुंदाला ऊन सोसेना,
म्हणून एका रविवारी मी घातला.
मला तो कधी बांधकाम वाटलाच नव्हता.

नोटिसा एकाच दिवशी आल्या, तीस दिवसांच्या.
रेवंडकर अकरा वर्षांत पहिल्यांदा
आमच्या पायरीवर उभे राहिले,
चप्पल काढावी की नाही, अशा पायांनी.
"आर्किटेक्ट आठ हजार मागतोय.
तुम्हीच काढा ना. दोन्हीचं एकत्र."

माळ्यावरून टी-स्क्वेअर काढला.
पेन वाळून गेलेलं; नातीचं जेलपेन घेतलं.
हात कापतो आता.
पाइप काढले, चार बारीक गोल.
बांबू, तुटक रेघेने.
पत्राही दाखवला. हात क्षणभर थांबला, पण दाखवला.

नकाशात झाडाला खूण असते.
विहिरीला असते, गटाराच्या झाकणालाही असते.
वेलाला नाही.
रात्री सव्वाअकरापर्यंत कोरा कागद
नुसता पुसत बसलो.

भिंतीपलीकडून आवाज आला, "झालं का?"
"वेल कुठे संपतो ते सांगा आधी."
ते टॉर्च घेऊन बाहेर आले,
जाळीखाली वाकून बराच वेळ शोधत राहिले.
मग म्हणाले, जरा चाचरत,
"तुमच्या पत्र्यावर गेलाय हो.
फुलंही आल्येत तिथे. पांढरी. चार-पाच."