हजेरीतला रुक्न

कामठी रोडच्या साईटवर हजेरी माझ्याकडे होती.
एकतीस नावं. त्यात पंचविसावं
रुक्नुद्दीन अन्सारी, पेंटर, मोमीनपुरा.
रकाना अरुंद, मी ‘रुकन’ एवढंच लिहायचो.
साहेब म्हणायचे, “रुकना नहीं बे, रुकना नहीं,”
आणि स्वतःच हसायचे, रोज, सेहेचाळीस डिग्रीत.

मेट्रोच्या खांबांवर आकडे रंगवायचं काम त्याचं.
पिवळा चौकोन, आत काळे अंक.
पत्र्याचा साचा दिलेला होता, तो हातानंच काढायचा.

डब्याच्या वेळी खांबाच्या सावलीत
(सावली तेव्हा जेमतेम दोन माणसांची)
म्हणाला, “भाऊ, रुक्न म्हणजे हाच. खांब.
रुक्नुद्दीन, दीनचा खांब.
हे नाव नाही, लकब आहे.
गादीवर चढला की बादशहाले भेटे.
मले दादांनी पाळण्यातच देऊन टाकली,
गादी द्याचीच राहून गेली.”

मी म्हटलं, आमच्या भाषेत दीन म्हणजे गरीब.
गरिबांचा खांब?
त्यानं घास चावून संपवला.
“तसंबी चालते.”

मग एकेक जण सावलीत येऊन बसला.
मिसरातला तो, पोरवयात बाजारात विकलेला,
एका डोळ्यात पांढरा ठिपका दिसला म्हणून
गिऱ्हाइकानं परत केलेला.
पुढे त्याच डोळ्यानं त्यानं
मंगोलांच्या फौजेची पाठ पाहिली.
दिल्लीत हे नाव दोनदा तख्तावर बसलं,
दोन्ही वेळा महिने बोटांवर मोजावेत इतकंच.
त्यातला पहिला नशेत हत्तीवर चढून
भर बाजारात सोन्याचे टंके उधळायचा.
“आपला ठेकेदार उधळत नाही,
म्हणून टिकून राह्यला.”

आणि अलमूतचा, डोंगरातला,
ज्यानं आपल्याच किल्ल्यांच्या भिंती पाडायचे हुकूम दिले
जीव वाचेल म्हणून.
वाचला नाही.
इथे रुकन थांबला, डब्याच्या झाकणावरचं लोणचं
बोटानं पुसून घेतलं.
“खांब म्हणून घेतलं ना भाऊ,
मंग टेकू कोण देते?”

मी हलबा कोष्टी, गोळीबार चौकातला.
माग त्याच्या घरी होता, माझ्याही.
तो म्हणाला, शेरालाही रुक्न असतात,
त्यांच्यावरच ओळ उभी राहते.
दादा मागावर बसून शेर म्हणायचे,
धोटा गेला की एक रुक्न, परतला की दुसरा.
माझ्या बापाचा धोटाही त्याच चालीत जायचा,
फक्त शेराच्या जागी
सूतवाल्या शेठला शिव्या.

आधारवर तो रुखमुद्दीन, रेशनवर रुकोद्दीन,
बँकेत नुसताच रुक.
मी म्हटलं, दुरुस्त करून घे.
तो म्हणाला, लहानपणी दादांनी अजब बंगल्यात नेलं होतं,
काचेआड एक जुनं नाणं दाखवलं.
ठशावर नाव पूर्ण होतं, चकती मात्र लहान,
ठोकताना शेवटची अक्षरं काठाबाहेर गेली.
“बादशहाचंबी मावलं नाही, भाऊ.
मी तं पेंटर.”

पावसाळ्याआधी अंगठ्याचं मशीन आलं.
त्याचा अंगठा टर्पेंटाइननं झिजलेला,
मशीन म्हणे, पुन्हा प्रयत्न करा.
तीन दिवस त्यानं पुन्हा प्रयत्न केला.
चौथ्या दिवशी साहेब ‘रुकना नहीं’ म्हणाले,
त्या वेळी हसले नाहीत.

आता मी त्याच रस्त्यानं स्कूटरवर जातो.
त्याच्या सातच्या आकड्याला पोटात एक आडवी रेघ असते,
ती ज्या खांबांवर आहे ते मला ओळखू येतात.
फोन लावला होता. नंबर दुसऱ्याच कुणाकडे गेलाय.

जुना हजेरीपट कुणी मागितला नाही, घरी आहे.
एका रात्री पेन्सिलीनं
त्याचं नाव पूर्ण लिहायला घेतलं.
‘रुक्नु’ रकान्यात बसलं.
‘द्दीन’ रेघ ओलांडून एक तारखेत गेलं.
त्या दिवशी माझ्याच हातचा
लाल शाईतला ‘गै’ होता, त्यावर.