झिरो बघा

आधी जुईनं सांगितलं, नवले पुलाच्या उतारावर:
बाबा, माझ्याखाली कुणीतरी मिक्सर लावलाय.
मी गाण्याचा आवाज दोन घरं वाढवला.
त्यानंतर आम्ही भोरला जाऊन आलो, सासवडला,
आणि दर वेळी खिडकीला नाक लावून
ती तो सूर काढून दाखवायची, ऊंऽऽऽ,
मी गिअर बदलला तरी न बदलणारा.

पुढं बसणाऱ्यांना तो ऐकू येत नव्हता.
माधवी म्हणाली, टायर असतील.
म्हणून अलाइनमेंट. मग वारज्याच्या सर्व्हिस सेंटरात
एसीत बसवून, कॉफी पाजून
मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं त्यांनी,
सात हजार आठशे, वर जीएसटी,
आणि मिक्सर चालूच.

धायरी फाट्याच्या आत इलाही तांबोळींचं गॅरेज.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
किल्ली माझ्याच हातात ठेवली, म्हणाले,
तुम्ही चालवा, मी मागं बसतो.
सात वर्षांत त्या सीटवर एकही मेकॅनिक बसला नव्हता.
मीही नाही.

वडगावपर्यंत गेलो, परत आलो.
आरशात एक पिकली दाढी, दोन वेण्या,
दोन्ही माना एकाच बाजूला तिरक्या.
आता बंद करा. नुसती किल्ली फिरवा, स्टार्टर नको.
दोन सेकंद. ऊंऽऽ, खट्.
हां, ते म्हणाले.
हां, जुई म्हणाली.

पेट्रोल किती ठेवता?
लागेल तसं.
म्हणजे?
म्हणजे पाचशेचं.
काटा लाल रेघेच्या वर सरकला
की मला टाकी भरल्यासारखी वाटते.
वडिलांच्या लुनात दहाचं टाकायचो, तेव्हापासून.
आता पैसे नाहीत असं नाही,
हात तेवढाच उघडतो.

पंप टाकीत बुडालेला असतो, साहेब.
पेट्रोलच त्याला गार ठेवतं.
तुम्ही त्याला सात वर्षं घोटाभर पाण्यात उभं केलंय
आणि म्हणताय, पोह.

फ्यूज काढून इंजिन चालू ठेवलं, गुदमरून थांबेपर्यंत.
बॅटरीची वायर सोडली.
शेजारच्या चहावाल्याला ओरडून स्टोव्ह लांब न्यायला लावला.
मग सीट उचलली.

खाली शेंगांची टरफलं, निळी पेन्सिल,
चिकटलेला दोनचा ठोकळा,
आणि माधवीची मोत्याची कुडी.
जिच्यावरून आम्ही छायाबाईंना
एका शब्दानं काही बोललो नव्हतो.
फक्त पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणालो होतो.

इलाहीभाईंनी ती फडक्याला पुसून माझ्या तळहातावर ठेवली
आणि झाकणाकडे वळले. लोखंड नको, ठिणगी पडते.
पितळेची सळई, लाकडी हातोडी,
कडं हळूहळू फिरत सुटलं.
वर आला तो पंप, पेट्रोल गाळत,
तळाची जाळी काळीकुट्ट,
हॉटेलातल्या चहाच्या गाळणीसारखी.
नाना पेठेतून पोऱ्यानं नवा आणला, नवी रबरी रिंगही.
जुनी परत बसवायची नाही, बसल्यासारखी वाटते
आणि रात्री घरभर वास येतो.
गेजचा काटा साडेतीनवर गेला,
थरथरला नाही.

सिंहगड रोडच्या पंपावर जिभेवर पाचशे आलेच होते.
फुल्ल, मी म्हणालो.
पोरानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.
झिरो बघा, साहेब.
मी पाहिला. आधी कधी नीट पाहिला नव्हता,
आकड्यांच्या रांगेत तो हिरवा, गोल, रिकामा.

गाडीत आता कसलाच आवाज नाही.
खिशात कुडी आहे, ती टोचते.
घराचं वळण गेलं, मी वळलो नाही.
दांडेकर पुलापाशी छायाबाईंची खोली आहे, बहुतेक दुसरी गल्ली,
नक्की कधी विचारलंच नव्हतं.
मागून जुई म्हणाली, आपण कुठं चाललोय?

मी ऐकलं.